प्रतिज्ञेला गुण किती?

(कनिष्ठ महाविद्यालयात पर्यावरण शिकवणाऱ्या बाई आणि तिथले प्राचार्य.)

बाई : अकरावीच्या प्रकल्पवह्या तपासल्या, सर. 'प्लॅस्टिक वापरणार नाही', 'पाणी वाया घालवणार नाही'. सगळ्यांनी प्रतिज्ञा केली आणि सगळ्यांनी पाळली. एकाचीही मोडली नाही.

सर : खोटं लिहितात म्हणता?

बाई : गुण पाळण्याला आहेत. मुलं दुसरं काय लिहिणार?

सर : मग गुणच काढून टाकू? 1991 मध्ये एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हा विषय सक्तीचा करायला सांगितला, म्हणून तो वेळापत्रकात आहे. गुण गेले, की त्या तासाला गणिताचे सर येतील.

बाई : गुण राहू देत. फक्त ते कशाला द्यायचे, ते बदलू. प्रतिज्ञा मुलानेच निवडायची, पण मोजता येईल अशी. 'महिनाभर ओला कचरा वेगळा ठेवीन, रोज तोलून लिहीन.' आठव्या दिवशी आजीने सगळं एकाच डब्यात टाकलं, तर तेही लिहायचं. का मोडलं, कोणाशी बोललो, मग काय बदललं. इतकं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण.

सर : ज्याला लिहायची हातोटी आहे, तो काही न करता बाजी मारेल.

बाई : हे खरं आहे. म्हणून प्रत्येकाला समोर बसवून विचारावं लागेल. वजन कशावर केलंस? पाहुणे आले तेव्हा काय केलंस? वेळ जाईल, पण त्याला इलाज नाही.

सर : माझी अडचण पुढची आहे. घंटागाडीवाला ओला-सुका एकत्रच ओततो. 2016 च्या नियमांनी वेगळा कचरा वेगळाच नेण्याची जबाबदारी नगरपालिकेवर टाकली. ती चुकते आणि हिशेब आपण सोळा वर्षांच्या पोराकडे मागतो. हा अन्याय आहे.

बाई : मग त्याने तेही विचारावं. पर्यावरणाचं रक्षण हे 42व्या घटनादुरुस्तीने नागरिकाचं मूलभूत कर्तव्य झालं. नगरपालिकेला अर्ज लिहिणं हाही प्रकल्पच. उत्तर आलं नाही, तर पुन्हा लिहायचं. गुण पाठपुराव्याला.

सर : आपल्या संस्थेच्या मंडळावर नगरसेवक आहेत, बाई. मला फोन येईल.

बाई : येईल. मुलांना प्रतिज्ञा करायला सांगतो, तर तो फोन घेण्याची तयारी आपण ठेवायला हवी. नसेल, तर या वह्या रद्दीत द्याव्यात.

सर : अर्ज महाविद्यालयाच्या लेटरहेडवर जाऊ दे. मुलांच्या सह्यांखाली माझी सही असेल.