नावेचा जीर्णोद्धार आणि ‘तीच’ या शब्दाचा अर्थ

शिरूरजवळून वाहणारी घोड नदी पुढे ज्या भीमेला मिळते, त्या भीमेवर दौंड तालुक्यातील शिरापूर व पैलतीरावरील सिद्धटेक यांच्यामध्ये पूल होण्यापूर्वी अष्टविनायकाचे यात्रेकरू नावेने पार होत असत. अशी जुनी लाकडी नाव छंद म्हणून वर्षानुवर्षे दुरुस्त करताना कुजलेली फळी काढून नवी बसवावी लागते, सांध्यांत कापूस ठासून त्यावर डांबर चढवावे लागते. आणि अखेरची मूळ फळी निघाल्यावर ती तीच नाव उरते काय, हा प्रश्न उभा राहतो. ग्रीक लेखक प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाविषयी हाच वाद नोंदवला आहे. वैशेषिक या भारतीय दर्शनाच्या मते ‘अवयवी’, म्हणजे भागांपासून निर्माण होऊनही त्यांहून भिन्न असलेली संपूर्ण वस्तू, एखादा भाग निघताच नष्ट होऊन नवी उपजते, आणि ‘तीच ही’ अशी ओळख केवळ सादृश्यावर टिकते. उलट ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातील नागसेन रथाचा दाखला देऊन, संपूर्ण वस्तू हे भागांच्या जुळणीला दिलेले व्यावहारिक नाव होय, असे सांगतो. मात्र जीर्णोद्धाराची परंपरा, जिच्यात सिद्धटेकचे अहिल्याबाई होळकरांनी बांधलेले मंदिरही येते, दगडापेक्षा संकल्प आणि उपासना यांच्या सातत्याला महत्त्व देते. त्या न्यायाने नावेची ओळख लाकडात नसून, तिला पाण्यायोग्य राखणाऱ्या अखंड सेवेत असते, हेच मत अधिक ग्राह्य ठरते.