रंग चढतोय, मी काही केलं नाही

माझ्या कपाटात पंचम जॉर्जचा 1918 चा रुपया आहे, मुंबई टांकसाळीचा. वजन 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. तसा काही दुर्मीळ नाही. सराफाकडे नेला तर तो चांदीचाच भाव सांगेल. पण कडेला निळा, त्याच्या आत किरमिजी आणि राजाच्या गालापाशी पिवळसर असा रंग त्यावर आपसूक उमटला, तर हौशी गिऱ्हाईक कितीतरी जास्त मोजतं.

हवेतल्या गंधकाने चांदीवर सल्फाइडचा थर बसतो. तो जाड होईल तसा रंग पिवळ्यावरून निळ्याकडे सरकतो आणि शेवटी नाणं काळं पडतं. मग भावही पडतो. घासावं तर आणखी वाईट. दिवाळीत लक्ष्मीपूजनाआधी आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घराघरांत चिंच, रांगोळी, दंतमंजन जे हाताला लागेल त्याने नाणी उजळतात; तशी चरे पडलेली नाणी संग्राहक हातातही धरत नाही. आमच्या देवघरातला राणीछाप त्यातलाच, व्हिक्टोरियाचं नाक केव्हाच गेलंय. त्याचं मला काडीचं दुःख नाही, तो विकायचाच नाही.

बोच आहे ती जॉर्जची. गंधकाच्या द्रावणात बुडवून नाणी रंगवणाऱ्यांना मी चारचौघांत लबाड म्हणतो. आणि हा रुपया मी पीव्हीसीच्या पाकिटातून काढून जुन्या खाकी लिफाफ्यात ठेवलाय. पीव्हीसीने नाण्यावर हिरवा चिकट थर येतो, म्हणून काढला; हे खरंच आहे. पण तसल्या कागदात गंधक असतं आणि इथली दमट हवा पुढचं काम करते, हेही मला ठाऊक होतं. नुसतं जपायचंच होतं, तर खण उघडून रंग कुठवर आला ते मी सारखं का बघतो?

रंगाचा संशय आला की एनजीसी, पीसीजीएस या अमेरिकी संस्था नाण्याला अंकात दर्जा देत नाहीत. माझ्या रुपयावर त्यांना संशय येणार नाही. रंग सावकाश आलाय, कुठलंही द्रावण लागलेलं नाही. म्हणजे पकडू शकणारा मी एकटाच. गिऱ्हाईकाने विचारलं, तर ‘काहीच केलेलं नाही’ हे वाक्य माझ्याकडे तयार आहे, आणि त्यातला एक शब्दही खोटा नाही. लिफाफ्यावर ठेवल्याची तारीख मी पेन्सिलीने लिहून ठेवलीय. विकताना तो लिफाफा सोबत देईन की नाही, हे मात्र मी अजून ठरवलेलं नाही.