अंगवळणी पडेपर्यंत

नवी गादी पहिल्या रात्रीपासून सुखाची झोप देईल, ही अपेक्षा अगदी अलीकडची आहे. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली, कुंडलवाडी, देगलूरच्या पट्ट्यात कापसाची गादी भरून घेणाऱ्या घरांना ती नव्हती. नुकती भरलेली गादी पोटातून फुगलेली असते. पाठ टेकली की अंग मधोमध उचललं जातं, कूस बदलली की माणूस कडेला घसरतो. म्हणून पहिले काही दिवस पोरांनी तिच्यावर लोळावं, उड्या माराव्यात, याला घरात कुणाची फारशी हरकत नसे. मग कधीतरी कुणीतरी म्हणायचं, "आता बसली गादी," आणि ती म्हाताऱ्या माणसाच्या बाजेवर जायची.

गादी बसते म्हणजे काय होतं? पिंजलेल्या कापसात कापसापेक्षा हवा जास्त असते. अंगाच्या भारानं ती निघत जाते, तंतू एकमेकांत गुंततात, खांदा आणि कंबर टेकते तिथे त्यांच्यापुरती जागा होते. पण ही क्रिया आपल्याला हवी तिथे थांबत नाही. ज्या दाबामुळे गादी सुखाची होते, त्याच दाबामुळे पुढे तिच्यात खड्डा पडतो आणि कापसाच्या गाठी होतात. म्हणून अधूनमधून ती उलटायची, डोक्याकडची बाजू पायाकडे करायची, आणि ऊन दाखवायचं. कापूस हवेतली ओल सहज धरतो. साधारण दमट हवेतही त्याच्या वजनाच्या शेकडा आठाच्या आसपास पाणीच असतं. शिवाय झोपेतला घाम. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा माळवदावर पसरून दोन्ही बाजूंनी काठीनं झोडपलेली गादी दुपारभरात कोरडी होते आणि दबलेला कापूस थोडा तरी वर येतो. एवढं वर्षातून दोन-चारदा केलं तरी गादी बरीच वर्षं साथ देते.

म्हणजे सुखाची गादी ही आणायची वस्तू नव्हती. ती घडवायची होती, आणि नंतर राखायची. मला वाटतं, झोपेबद्दलचं हे फार शहाणं ज्ञान आहे, आणि आपण ते फार लवकर टाकून दिलं.

यावर कुणी म्हणेल की पाठीला कडक अंथरूणच चांगलं, गादीचं एवढं कौतुक कशाला. दुखऱ्या पाठीला फळीवर झोपायचा सल्ला आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. पण २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गादी दिली, आणि कुणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितलं नाही. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचा त्रास जास्त कमी झालेला दिसला. आपल्याकडची नीट बसलेली कापसाची गादी याच मधल्या जागी येते असं मी म्हणेन: फळीसारखी टणक नाही, आणि अंग बुडेल इतकी मऊही नाही. या अभ्यासातली मुदतही मला महत्त्वाची वाटते. पारख पहिल्या रात्रीवर केली नव्हती, तीन महिन्यांनी केली होती.

बसायचं असतं ते एकट्या गादीलाच नाही. अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही, हे झोपेवर काम करणाऱ्यांना कित्येक दशकं ठाऊक आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की अशा पहिल्या रात्री गाढ झोपेतही मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा जास्त सावध राहतो आणि बारीकशा आवाजालाही दाद देतो. शरीर अजून पहाऱ्यावर असतं. हे वाचल्यापासून मला आंदणाच्या गादीकडे निराळ्या नजरेनं पाहावंसं वाटतं. लेकीच्या लग्नात बापाच्या डोक्यावर चढणारा पलंग-गादीचा खर्च मला अजिबात मान्य नाही. पुष्कळ ठिकाणी तो हुंड्याचाच भाग आहे. पण ज्या घरात पलंग परवडत नव्हता, त्या घरातली आई आपल्या जुन्या लुगड्यांची वाकळ शिवून लेकीबरोबर देत असे. परक्या घरातल्या पहिल्या रात्री त्या पोरीच्या अंगाला ओळखीचं असं तेवढंच असायचं, कितीतरी धुण्यांनी मऊ झालेलं. गादीला जे हळूहळू साधतं, ते वाकळीत शिवतानाच आलेलं असतं. ऊसतोडीला किंवा हैदराबादकडे मजुरीला निघालेली माणसं बाकी काही मागे ठेवतील, पण वळकटी सोबत नेतात, ते केवळ थंडीसाठी असेल असं मला वाटत नाही.

आणि गादी पार बसली, गोळे झाले, की पिंजारी. खांद्यावर लांब कमान, तिला ताणून बांधलेली तात, हातात लाकडी मोगरी. सीमेपलीकडे तेलंगणात, बोधन-निजामाबादकडे, हेच काम करणाऱ्या समाजाला दूदेकुला म्हणतात. इकडे पिंजारी, कुठे मन्सुरी, कर्नाटकाकडे नदाफ. तो गादी उसवायचा, जुना कापूस अंगणात काढायचा, आणि तातेच्या कंपनानं एकेक गाठ सुटत जायची. काळवंडलेला कापूस पुन्हा फुलायचा. घट आली असेल तर घरातला थोडा नवा कापूस मिसळायचा, मधे जिथे अंगाचा भार पडतो तिथे एक थर जास्त द्यायचा, मग गादीपाटाच्या खोळीत भरून दाभणानं टाके. टाके फार ओढले तर गादी कडक होते, ढिले राहिले तर कापूस सरकतो. कुणासाठी भरायची, म्हातारं माणूस की बाळंतीण, हे विचारूनच चांगला कारागीर टाक्यांचा ताण ठरवायचा. संध्याकाळी तीच गादी पुन्हा नवी असायची, आणि पुन्हा पहिल्यापासून बसायला लागायची.

या कामाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. कापसाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की दम लागतो, खोकला कायमचा होतो. कमानीच्या नादाची आठवण काढणाऱ्यांनी त्या खोकल्याचीही आठवण ठेवावी. आता पिंजायला यंत्रं आली आहेत, ते चांगलंच झालं. धूळ ओढून घेणारा पंखा आणि तोंडावर नीट बांधलेलं कापड एवढं तरी त्या दुकानांत असायला हवं.

पण यंत्र येईपर्यंत गिऱ्हाईक फोमकडे वळलं होतं. फोमलाही बसायला वेळ लागतो. गुंडाळून, दाबून खोक्यात आलेली गादी पुरती फुगायला एक-दोन दिवस घेते, वास जायला त्याहून जास्त, आणि सुरुवातीचा ताठरपणा काही आठवड्यांनी जातो. अंगाच्या उबेनं मऊ होणारा जो फोम १९६०च्या दशकात नासाच्या कामातून निघाला, तो थंडीत आणखी ताठ लागतो. या सगळ्याला तोड आहे: हवेशीर खोलीत उघडी ठेवा, रोज वापरा, दिशा बदलत राहा. फक्त आपली जुनी सवय इथे उलटते. फोमला कडक उन्हात टाकू नये. उन्हानं तो पिवळा पडतो आणि त्याचा भुगा व्हायला लागतो. आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्यावर पाठ तापते ती वेगळीच.

माझी खरी तक्रार याच्याही पुढची आहे. फोम एकदाच बसतो. त्यानंतर तो फक्त खचत जातो, आणि खचलेला फोम पुन्हा फुलवणारं जगात कुणी नाही. त्याला उसवता येत नाही, त्यात भर घालता येत नाही. आपल्या अंथरुणावरचा आपला अधिकार विकत घेतानाच संपलेला असतो, आणि हा अधिकार आपण कशासाठी सोडला याचा हिशेब कुणी केल्याचं दिसत नाही.

हे कापसाच्या मुलखात घडतं, म्हणून जास्त लागतं. नांदेडचा गावरानी कापूस एके काळी गिरण्यांत नावाजलेला होता. २००२ नंतर बीटी वाण आले आणि शिवारं त्यांनी भरली. चांगला माल तेव्हाही बाजारात जायचा, आताही जातो. पण शेवटच्या वेचणीची फरदड, डागाळलेली कवडी, जिला भाव मिळत नाही, ती सरकी काढून घरच्या गादीत जात असे. आज तीही पडेल भावात विकून त्याच घरातला माणूस हप्त्यावर फोमची गादी आणतो. एका माणसाच्या गादीला आठ-दहा किलो कापूस पुरतो. तेवढा बाजूला ठेवणं पाच एकरवाल्याला जड नाही. जड आहे ते जवळपास पिंजून, भरून देणारा माणूस सापडणं. बचत गटांना पापड-मसाल्याच्या पुढचं काम द्यायचं असेल, तर तालुक्याला एक पिंजाई यंत्र आणि गादी भरायला शिकवणारा एक जुना कारागीर, एवढं करून पाहावं. शिकवतील असे हात अजून आहेत, पण ते म्हातारे होत चालले आहेत.