परवाना आणि उंबरठा

शस्त्र बाळगण्याचा अधिकार कोणास असावा, या प्रश्नाचा खल आपल्याकडे जवळजवळ दीडशे वर्षे चालला आहे. परंतु ज्यास तो अधिकार रीतसर मिळाला, त्याने आपले शस्त्र कोणत्या दारापर्यंत न्यावे आणि कोणत्या दाराबाहेर उतरवून ठेवावे, या प्रश्नाला मात्र त्या चर्चेत फारसे स्थान मिळाले नाही. कमरेला परवान्याचे पिस्तूल लावलेला एखादा प्रतिष्ठित गृहस्थ तहसील कचेरीत, महापालिकेत किंवा पोलीस ठाण्यात गेला तर त्यात वावगे ते काय, असे विचारणारे अनेक भेटतात. परवाना सरकारने दिला, चारित्र्याची चौकशी सरकारच्याच पोलिसांनी केली, शुल्क सरकारच्याच तिजोरीत जमा झाले, आणि आता त्याच सरकारच्या दारात हा मनुष्य अविश्वासाचा धनी कसा होतो, हा त्यांचा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. त्यातील व्यंग ध्यानात येण्यासाठी या कल्पनेचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे. आणि तो पाहण्यास पुण्याइतके सोयीचे शहर विरळा, कारण त्या इतिहासाच्या बहुतेक टप्प्यांची खूण या शहराच्या अंगावर उमटलेली आहे.

राजेशाहीच्या काळात शस्त्र हे मानाचे चिन्ह होते. तलवार ही दरबारच्या पोशाखाचाच भाग होती, आणि सत्ताधीशाला पडणारा प्रश्न एवढाच असे, की हा शस्त्रधारी आपला की परका. १६६३ च्या एप्रिलात शिवाजीमहाराजांनी लाल महालात शाइस्ताखानावर छापा घातला, तेव्हा लग्नाच्या वऱ्हाडाच्या मिषाने काही माणसे शहरात शिरली होती, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. तिच्या तपशिलाबद्दल इतिहासकारांनी काहीही ठरवो, पहारा चुकवायचा तर पहारेकऱ्याच्या ‘आपले आणि परके’ या हिशेबातच शिरले पाहिजे, हे त्या कथेचे मर्म खरे आहे. त्याहून भयंकर धडा शनिवारवाड्याने दिला. दिल्ली दरवाज्याचे अणकुचीदार खिळे बाहेरच्या हत्तींसाठी होते. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा प्राण घेणारे गारदी वाड्याच्याच चाकरीत होते, आणि शस्त्रानिशी वावरण्याचा त्यांचा हक्क कोणाच्याही आक्षेपापलीकडचा होता. निष्ठा हीच शस्त्राची कसोटी मानणाऱ्या व्यवस्थेत निष्ठा ढळली की उंबरठ्याला काही अर्थ उरत नाही. त्या प्रकरणात रघुनाथरावांना दोषी ठरविणारे रामशास्त्री प्रभुणे यांच्यामागे फौज नव्हती. तरीही महाराष्ट्राने दोन शतके जपली ती त्यांच्या निःशस्त्र शब्दाची आठवण, गारद्यांच्या तलवारीची नव्हे.

व्यक्तीऐवजी स्थळाचा विचार करणारी दृष्टी निराळ्या परंपरेतून आली. इंग्लंडात १३२८ मध्ये, तिसऱ्या एडवर्डच्या अमदानीत, नॉर्दम्प्टन येथे झालेल्या कायद्याने राजाच्या न्यायाधीशांसमोर व कर्तव्यावर असलेल्या अंमलदारांसमोर शस्त्रबळाने येण्यास, तसेच जत्रांत आणि बाजारांत शस्त्र घेऊन फिरण्यास मनाई केली. मनुष्य सरदार असो वा शेतकरी, न्याय जेथे दिला जातो आणि लोक जेथे निर्धास्तपणे जमतात तेथे शस्त्राचे काम नाही, हे तत्त्व त्या जुनाट कायद्यात बीजरूपाने आहे.

त्याच इंग्रजांनी हिंदुस्थानात कायदा केला तेव्हा हे बीज पेरले नाही. १८५७ च्या उठावानंतर धास्तावलेल्या सत्तेने १८६० मध्ये शस्त्रांविषयी एक कायदा केला, आणि लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा कुप्रसिद्ध शस्त्र कायदा आला. त्यात परवान्याची सक्ती एतद्देशीयांवर होती आणि युरोपियनांना माफी होती; निष्ठेची जुनी कसोटी गेली आणि तिच्या जागी वंशाची कसोटी बसली. खडकीच्या कारखान्यात १८६९ पासून काडतुसे तयार होत होती, आणि त्याच्या परिसरात राहणाऱ्या रयतेला मात्र एक बंदूक बाळगण्यासाठी साहेबाच्या मर्जीची वाट पाहावी लागे. पुण्यातील लष्करी हिशेब खात्यात कारकुनी केलेल्या वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये बंड उभारले, ते या कायद्याला वर्षही नीट उलटले नसताना. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात राष्ट्रीय सभेने शस्त्र कायद्यात दुरुस्तीची मागणी केली, आणि पुढील कित्येक वर्षे सुशिक्षित हिंदी मनुष्याला हा कायदा आपल्या पौरुषाचा अपमान वाटत राहिला. शस्त्र हातात असणे हीच नागरिकत्वाची निशाणी होय, अशी भावना त्या काळी रुजली. आणि तिचे अवशेष परवाना मिरविणाऱ्यांच्या चालीत आजही दिसतात.

या काळात सरकारी वास्तूच्या रक्षणामागे भय होते, तत्त्व नव्हते. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव आटोपून गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमधून पाहुणे परतत असताना, चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घराघरांत घुसलेली सत्ता आपल्या बंगल्याच्या फाटकापुरती सुरक्षित होती आणि रस्त्यावर येताच उघडी पडली. पुढे २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने गोळी झाडली, हॉटसन बचावले. या कृत्यांमागील देशभक्तीचे मूल्यमापन येथे कर्तव्य नाही. एवढेच पाहावयाचे की, जेथे प्रजेला निर्णयात हिस्साच नव्हता, तेथे सरकारी वास्तूत शस्त्र आणू नये हा नियम प्रजेला स्वतःचा वाटण्याचे काही कारणच नव्हते.

योगायोग असा, की याच १९३१ सालच्या मार्चमध्ये कराचीच्या अधिवेशनात राष्ट्रीय सभेने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्कही नमूद होता. स्वराज्य आल्यावर तो राज्यघटनेत उतरेल, अशी अपेक्षा करणे साहजिक होते. डिसेंबर १९४८ च्या प्रारंभी घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी तशी उपसूचना मांडलीही. परंतु डॉक्टर आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रत्येकाने बाजारात जाऊन हल्ल्याची हवी ती साधने निर्वेधपणे खरेदी करावीत असे ठरले, तर राज्यकारभार चालणार कसा, हा त्यांच्या उत्तराचा आशय होता. उपसूचना फेटाळली गेली. घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकांना एकत्र जमण्याचा जो हक्क दिला, तो शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचा आहे. माझ्या मते या विचाराच्या इतिहासातील हा सर्वांत महत्त्वाचा क्षण होय. तोपर्यंत निःशस्त्रता ही जेत्याने जिताच्या माथी मारलेली नामुष्की होती. येथे प्रथमच स्वतंत्र लोकांनी ती आपल्या एकत्र येण्याची अट म्हणून स्वखुशीने पत्करली.

त्यानंतरचा इतिहास या तत्त्वाचे कलमांत रूपांतर होण्याचा आहे, आणि तो अर्धवट आहे. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याखालील नियमांत परवान्याच्या ज्या अटी घातल्या गेल्या, त्यांत जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीवाचून परवानाधारकाने आपले शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा अन्य सार्वजनिक मेळाव्यात नेऊ नये, अशी अट आहे. शिक्षणसंस्थेचे आवारही त्या यादीत आले. पालखीचा मुक्काम आणि गणपतीची मिरवणूक ज्या शहराच्या वर्षाचे दोन ठळक दिवस आहेत, त्या शहराला या अटीचे शहाणपण वेगळे सांगावयास नको. गणेशखिंडीच्या ज्या वास्तूभोवती पूर्वी गव्हर्नरासाठी सशस्त्र पहारे बसत, तेथे १९४९ पासून विद्यापीठ आहे. आणि आज त्या आवारात शस्त्र नेण्यास मनाई आहे ती विद्येच्या नात्याने. कचेरीचे नाव मात्र त्या यादीत नाही.

याचे एक कारण आपल्या घटनेच्या रचनेत आहे. शस्त्रे आणि दारूगोळा हा विषय केंद्राच्या सूचीत आहे, तर सार्वजनिक सुव्यवस्था व पोलीस हे विषय राज्याच्या. शस्त्र कोणाजवळ असावे याचा कायदा दिल्लीत होतो, आणि ते आज कोठे नेऊ नये याचा हुकूम स्थानिक अधिकारी काढतो. पुण्यात १९६५ मध्ये पोलीस आयुक्तालय झाल्यापासून शहरापुरता हा अधिकार आयुक्तांकडे आहे. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या सदतिसाव्या कलमाखाली बंदुका, तलवारी, सोटे, सुरे इत्यादी घेऊन फिरण्यास मनाई करणारे हुकूम सणासुदीला आणि आंदोलनाच्या दिवसांत निघतात, साधारण पंधरवड्याची मुदत संपली की पुन्हा निघतात, आणि त्यांतून सरकारी कामासाठी शस्त्र बाळगणे ज्यांना प्राप्त आहे त्यांना वगळले जाते. बंदोबस्ताचे साधन म्हणून ही पद्धत उपयोगी असेल. परंतु जे तत्त्व कायमचे आहे ते पंधरवड्याच्या हुकमावर टांगून ठेवणे हे राज्यव्यवस्थेच्या प्रौढपणाचे लक्षण नव्हे.

एका दिवसापुरते मात्र आपण हे तत्त्व निःसंदिग्ध शब्दांत लिहिले आहे. १९९६ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात घातलेल्या कलमाने मतदानाच्या दिवशी मतदान केंद्राच्या परिसरात शस्त्र घेऊन जाणे हा गुन्हा ठरविला. कर्तव्यावरील निवडणूक अधिकारी, पोलीस व बंदोबस्तासाठी नेमलेली माणसे एवढाच काय तो अपवाद. परवाना असणे हा येथे बचाव नाही. उलट दोषी ठरल्यास तो परवानाच रद्द होतो आणि शस्त्र जप्तीस पात्र ठरते. निवडणुकीच्या काळात शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेण्याची जी रीत आहे, तिच्याबाबत २००९ मध्ये, गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात, मुंबई उच्च न्यायालयाने सरसकट जमा करण्याऐवजी छाननी समितीने प्रकरणे तपासावीत, असा दंडक घालून दिला. म्हणजे घरात शस्त्र ठेवण्याविषयी विवेक, आणि मतपेटीच्या दाराशी मात्र कडक मनाई, असा सुज्ञ भेद आपल्या व्यवस्थेला करता येतो.

महापालिकेची एखादी शाळा त्या दिवशी इतकी पवित्र का ठरते? तेथे निर्णय होतो म्हणून. पण मग हवेली किंवा मुळशीच्या तहसील कचेरीत फेरफाराच्या तक्रारीची सुनावणी होते, तेव्हा काय होते? तेथेही निर्णयच होतो. शहर चारी बाजूंनी पसरू लागल्यापासून पुण्याभोवतालच्या जमिनीच्या तुकड्यांना सोन्याचे मोल आले, आणि वाद, पैसा व शस्त्राचा परवाना हे तिन्ही कित्येकदा एकाच दारी नांदू लागले. अशा सुनावणीत एका पक्षाच्या कमरेला पिस्तूल आहे आणि दुसऱ्याच्या हातात सातबाऱ्याचा उतारा आहे, एवढे चित्र पुरेसे आहे. गोळी सुटण्याची गरज नाही, चामड्याच्या म्यानातून ते बाहेर निघण्याचीही गरज नाही. कारकुनाची लेखणी किंचित थबकते, प्रतिपक्षाचा आवाज किंचित खाली येतो, आणि कोणत्याही कलमाखाली गुन्हा न घडता न्यायाचा काटा ढळतो. शस्त्र कचेरीबाहेर ठेवावयास लावणे हा परवानाधारकाच्या चारित्र्यावरचा अविश्वास आहे, ही समजूत येथेच कोसळते. अट त्याच्यासाठी नाहीच; ती त्याच्या समोर बसलेल्या माणसासाठी आहे.

गोळी सुटते, तेव्हा तर बोलणेच खुंटते. २ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच, एका तत्कालीन आमदाराने प्रतिस्पर्ध्यावर गोळीबार केल्याचा आरोप झाला. त्यांतील दोषादोष ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु वाद मिटविण्यासाठी ज्या खोलीत माणसांना बोलावले जाते तेथे पिस्तूल पोहोचूच कसे शकते, हा प्रश्न निकालाची वाट पाहत थांबणारा नाही. सामान्य माणसाची पिशवी दारात तपासली जाते आणि मोठ्या माणसाच्या कमरेकडे पाहण्यास पहारेकरी संकोचतो, हे गारद्यांच्या काळातील निष्ठेच्या कसोटीचेच आधुनिक रूप होय.

अलीकडच्या काळात कायदा योग्य दिशेने सरकतो आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१६ च्या नियमांनी सार्वजनिक ठिकाणी शस्त्र म्यानात किंवा आवरणातच ठेवण्याचे बंधन घातले आणि ते उगारण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तिनावरून दोनावर आणली आणि आनंदोत्सवात बेदरकारपणे गोळ्या झाडणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरविला. शस्त्राचा हक्क घटनेतच कोरलेल्या अमेरिकेतही, तो हक्क व्यक्तीचा आहे असे २००८ मध्ये सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालपत्रात शाळा व सरकारी इमारती यांसारख्या संवेदनशील जागी असलेल्या मनाईला आपण धक्का लावत नाही, असे बजावले. जेथे हक्क सर्वांत व्यापक आहे तेथेही उंबरठा मानला जातो. आपल्याकडे तर शस्त्र हा हक्कच नव्हे, ती केवळ सशर्त मुभा आहे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि त्याला उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे त्याला तो बहुधा रस्त्यात असतो; साक्षीसाठी न्यायालयात जाणाऱ्या फिर्यादीला दारात निःशस्त्र केले आणि परत पाठविले, तर शस्त्र घरी ठेवून त्याच रस्त्याने पुन्हा यावयास त्याला आपण भाग पाडतो. म्हणून मनाईबरोबर सोयही हवी. जिल्हाधिकारी कार्यालय, न्यायालय, महापालिका, तहसील आणि पोलीस ठाणे यांच्या दारात शस्त्र जमा करून घेण्याची, पावती देण्याची आणि काम आटोपताच ते परत करण्याची जबाबदारी सरकारने उचलावी. परवान्याच्या अटीत जत्रा, मिरवणूक आणि शाळा यांच्या पंक्तीला सरकारी कार्यालयाचे नाव स्पष्ट शब्दांत बसवावे. आणि अपवाद ठेवावयाचा तो कर्तव्यावर असलेल्या पहाऱ्याचा, पदाचा नव्हे. आमदार, नगरसेवक किंवा उद्योगपती यांचे शस्त्रधारी अंगरक्षकही सुनावणीच्या दालनाबाहेरच थांबावेत. हा नियम प्रथम ज्यांना लागू करावयाचा ते हुकूम काढणाऱ्यांच्या ओळखीचे असतात, म्हणूनच तो हुकमावर न सोडता कायद्यात लिहिला गेला पाहिजे.