विष, औषध आणि हेतू
आधुनिक केमोथेरपीची सुरुवात झाली ती युद्धातल्या विषाच्या कुळातून. १९१७ साली बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर मस्टर्ड गॅसने सैनिकांची कातडी फोडांनी भरून टाकली. त्याचेच भावंड असलेले नायट्रोजन मस्टर्ड १९४२ मध्ये, औषधशास्त्रज्ञ गुडमन आणि गिलमन यांच्या संशोधनातून, येल विद्यापीठात एका रुग्णाच्या शिरेत सोडले गेले. त्याच्या जबड्याखालच्या कर्करोगाच्या गाठी काही दिवसांत विरघळल्या. पुढे पुन्हा उगवल्या. मग पापपुण्य पदार्थात असते का? रेणूला हेतू नसतो. तो डीएनएचे दोन धागे एकमेकांना जखडतो. पेशी रोगट की निरोगी, हे पाहत नाही. नीट योजले तर जहाल विषही उत्तम औषध होते, असे चरकसंहिता मानते. म्हणजे सारी जबाबदारी योजणाऱ्याची. येलचा तो रुग्ण त्याच वर्षी डिसेंबरात वारला.