पाहुण्याचा दोष

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला जाऊ लागले की नाथसागराच्या, उजनीच्या आणि नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर दूरदेशीचे पाहुणे उतरू लागतात. चक्रवाक येतात, थापट्या बदके येतात, आणि थंडी जरा मुरली की हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात. त्यांना आमंत्रण कोणी धाडत नाही. तरी पोराबाळांना घेऊन काठावर उभे राहावे आणि ‘तो बघ थवा!’ म्हणावे, असा हा सोहळा असतो. अलीकडे मात्र या कौतुकात संशय शिरला आहे. वर्तमानपत्रात बर्ड फ्लूची बातमी झळकते आणि कालचा पाहुणा आज आरोपी ठरतो. नकळत अपाय करणाऱ्याला दोषी म्हणावे काय, असा प्रश्न त्यामुळे माझ्या मनात येतो. आणि तो केवळ पक्ष्यांपुरता आहे असे मला वाटत नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. फ्लूचे विषाणू रानबदके, हंस, कुरव, सुरय अशा पाणपक्ष्यांचे जुने सोबती आहेत. बदकाच्या आतड्यात ते वाढतात, विष्ठेवाटे पाण्यात उतरतात आणि त्याच पाण्यातून दुसऱ्या बदकाच्या पोटात जातात. बदक बहुधा आजारी दिसतही नाही. या संसर्गालाही ऋतू आहे. उत्तरेच्या देशांत उन्हाळ्यात पिल्ले जन्मतात आणि उन्हाळा सरताना ती थव्याथव्यांनी तळ्यांवर गोळा होतात. त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती अजून यायची असते. म्हणून ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत संसर्ग भरात असतो. पुढे प्रवास सुरू होतो, पिल्लांची या विषाणूशी ओळख होते आणि त्याचा जोर ओसरतो. वसंतात तो अगदी मंदावतो, आणि नवी पिल्ले आली की फेरा पुन्हा सुरू होतो. विषाणूला आपला यजमान जगायला हवा असतो, म्हणून या जुन्या सोबतीत एक प्रकारचा समेट आहे.

हा समेट कोंबड्यांच्या खुराड्यात मोडला. एच५ आणि एच७ या कुळांतले सौम्य विषाणू उग्र रूप घेतात ते बहुतेक वेळा पाळीव कोंबड्यांच्या दाट वस्तीत. एका छपराखाली हजारो सारख्या कोंबड्या असल्या की एक यजमान मेला तरी विषाणूचे काही अडत नाही. दुसरा शेजारीच उभा असतो. सौम्य विषाणू आतड्यात वा श्वासनलिकेत राहणारा, तर उग्र विषाणू साऱ्या देहात पसरणारा. १९९६ साली चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात पाळीव हंसांमध्ये असा एक एच५एन१ सापडला. १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ माणसांना त्याची बाधा झाली आणि त्यांतली ६ दगावली. २००५ साली तो चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर पोचला आणि हजारो रानपक्षी मेले. त्यांत पट्टकादंबच अधिक होते. फेब्रुवारी २००६ मध्ये तो आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांमध्ये आढळला. २०२० च्या डिसेंबरात आणि २०२१ च्या जानेवारीत हिमाचल प्रदेशातील पोंग धरणाच्या काठी पुन्हा हजारो पट्टकादंब मरून पडले. सौम्य विषाणू पक्ष्यांकडून आला होता. तो उग्र होऊन त्यांच्याकडे परत गेला.

यावर कोणी म्हणेल, मग सारा दोष माणसाचाच. पण इतक्या सहजी निकाल देणे मला रुचत नाही. आज हा उग्र विषाणू रानपक्षीही दूरदूर नेतात, हे खरे आहे. तो कोंबड्यांच्या व्यापारातून, गाड्यांच्या चाकांना आणि माणसांच्या पायताणांना चिकटूनही जातो, हेही खरे आहे. आणि कर्ज काढून खुराडे उभारणाऱ्या गृहस्थाला या घडामोडीची कल्पना तरी कोठून असणार?

माझ्या मते आपली गफलत दोन शब्दांत होते. निरपराध आणि निरुपद्रवी हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. बदक निरपराध आहे, पण निरुपद्रवी असेलच असे नाही. अपराधाला जाणीव लागते. अपायाला ती लागत नाही. २०२० साली करोनाच्या साथीत हे आपण घरोघर शिकलो. आजीला भेटायला आलेला नातू प्रेमानेच आलेला असे. त्याला दाराबाहेर थांबवणे ही शिक्षा नव्हती, आणि त्याला मिठी मारणे ही केवळ माया राहिली नव्हती. पाहुण्यावर दोष न ठेवता त्याच्यापासून जपून राहता येते.

संशयाचेही असेच आहे. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणू लागली. हा रोग उत्तरेकडचे पक्षी गोचिडांबरोबर आणत असतील काय, अशी शंका निघाली. तिच्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने डॉ. सालीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनी १९५९ पासून स्थलांतरी पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. ते पक्षी कोठून येतात, कोठे जातात, हे आपल्याला त्या कामातून कळत गेले. संशय आला म्हणून कोणी बंदूक उचलली नाही, वही उघडली.

आता सर्वांत अवघड गोष्ट. साथ आली की तिच्या परिघातल्या धडधाकट कोंबड्याही मारल्या जातात. त्यांचा काय अपराध? काहीच नाही. त्या मारण्याला इलाज नसतो, हे मी मान्य करतो. पण ज्या निरपराधाला आपल्या सुरक्षिततेसाठी मारावे लागते, त्याचे ऋण आपल्यावर राहते. ते मारताना हाल न करण्याने थोडे फिटते. ती वेळच येऊ नये म्हणून आधी झटण्याने अधिक फिटते. कोंबड्यांचे दाणापाणी झाकलेले असावे, बदके त्यांच्यात मिसळू नयेत, तळ्याचे पाणी तसेच खुराड्यात जाऊ नये, आत जाताना पायताण बदलावे, या साध्या गोष्टी आहेत. आणि कोंबड्या मरू लागल्या की त्यांच्या मालकाने ते लगेच सांगावे, ही अपेक्षा असेल तर त्याला भरपाई पुरी आणि वेळेवर मिळाली पाहिजे. खरे बोलण्याची किंमत एकट्या गरिबानेच मोजायची, अशी व्यवस्था ठेवून त्याला सचोटीचे पाठ देणे मला अन्यायाचे वाटते.

पक्ष्यांना मारून वा हुसकावून साथ थांबत नाही. उठलेला थवा दुसऱ्या पाण्यावर उतरतो आणि रोगही तिकडे जातो. तेव्हा यंदाही मुलांना काठावर अवश्य न्यावे. पक्षी लांबून पाहावेत, मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये, आणि तसा दिसलाच तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. ‘बाबा, हे पक्षी वाईट आहेत का?’ असे मुलाने विचारले, तर ‘नाही’ म्हणावे. ‘मग हात का लावायचा नाही?’ असे त्याने पुढे विचारले, तर तेही नीट समजावून सांगावे. बदकाला हे कळत नाही, आपल्याला कळते. म्हणून जपण्याचे काम आपल्याकडे आले आहे.