आधी धीर, मग उपाय

थंडीत लेकराचा खोकला लांबतो. रात्री उबळ येते, सारं घर जागं होतं. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचा डाग दिसतो, आणि आईच्या काळजात धस्स होतं. घोळणा फुटलेला असतो. मग एकच धावपळ. कुणी कांदा फोडून हुंगायला देतं, कुणी पोराची मान मागे टाकतं. मान मागे टाकली की रक्त घशात उतरतं. लेकरू आणखी घाबरतं.

म्हणून आधी धीर, मग उपाय. त्याला ताठ बसवा, जरा पुढे वाकवा. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरा. मध्येच न सोडता दहा-पंधरा मिनिटं थांबा. बहुतेक वेळा रक्त थांबतं. थांबलं नाही, पुन्हा पुन्हा आलं, किंवा खोकला रेंगाळतच राहिला, तर डॉक्टरांना दाखवा. घरात उरलेलं जुनं औषध पाजू नका.

मंडळी, संकट कोणतंही असो, आधी धीर, मग उपाय. घाबरलेला माणूस पहिल्यांदा आपल्या चेहऱ्याकडे पाहतो. तिथे घालमेल दिसली, तर तो खचतो. तिथे स्थिरता दिसली, तर त्याला बळ येतं. आज कुणी घाबरून तुमच्याकडे आलं, तर आवाज चढवू नका. जवळ बसा, त्याचं पूर्ण ऐका, आणि मगच काय करायचं ते दोघं मिळून ठरवा.